केसभर नेम

वर्ध्याच्या रायफल क्लबात नेम जुळवणारा एक माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी मेंबर यायच्या आधी तो प्रत्येक रायफलीतून पाच गोळ्या झाडून बघायचा आणि नळीवरची नेम धरायची मागची खाच छोट्या हातोडीनं केसभर सरकवायचा. हातोडी मारताना स्वतःचा श्वास रोखायचा.

स्पर्धेच्या दिवशी बाबांच्या सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. ते क्लबाचे सेक्रेटरी. पाहुण्यांसमोरच त्याच्यावर ओरडले, "खाच वाकडी ठेवलीस!"

"खाच बराबर हाये, साहेब. तुमी चाप झटक्यानं ओढून राह्यले."

"मग दाखव मारून."

त्यानं बाबांच्याच रायफलीनं उभ्यानं पाच गोळ्या मारल्या. पाचही छिद्रं एका आण्याखाली झाकली गेली असती. मी टाळी वाजवली; एकटीनंच. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उद्यापासून येऊ नकोस."

"रायफल तं बराबर निंगाली नं, साहेब. मंग काऊन?"

बाबा पाहुण्यांकडे वळले. त्यानं रायफल पुसून ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाला, "बाई, तुमी चूप राह्यल्या असत्या, तं साहेबानं हासून सोडलं असतं मले."

रागावून बोलला असता, तर मला सोपं गेलं असतं.