मेश्रामदादाच्या बाईची रेकॉर्ड

भिलाईत मरोद्याच्या टपरीवर आम्ही चार रिटायर लोकं बसलो की पोलाद कारखान्याच्या गोष्टी निघतात, अन् त्यातल्या अर्ध्या मेश्रामदादाच्या असतात. मुद्दाम कोणी जमवल्या नाही. वर्कशॉपमधल्या लोखंडाच्या बुराद्यासारख्या साचत गेल्या, झाडायचं कोणी मनावर घेतलं नाही.

दादा भंडाऱ्याकडचा, आमच्या शॉपमध्ये फिटर. पहिली भट्टी उभी राहून राहिली होती तेव्हाची गोष्ट. दारू नाही, पत्ते नाही, बिडी बी नाही. एकच नाद: अमेरिकेतल्या एका काळ्या बाईचं गाणं. जाझ म्हणतात त्याले, हे आमाले मागून समजलं. दादा तिले फक्त ‘आमची बाई’ म्हणे.

मी एकदा विचारलं, “नाव कावून घेत नाही?”

“मोठ्या माणसाचं नाव घेतात काय?”

*

हे लागलं कसं, तर नळामुळे. कारखाना उभाराले आलेल्या एका रशियन साहेबाच्या क्वार्टरमधला नळ गळत होता, प्लंबर सुटीवर, म्हणून दादाले पाठवलं. दहा मिनिटांचं काम. दादा दोन तासांनी आला.

फोरमन म्हणाला, “नळ दुरुस्त झाला?”

“झाला जी.”

“मग इतका वेळ?”

“रेकॉर्डले दुसरी बाजू बी असते जी.”

पुढच्या आठवड्यात तोच नळ गळला. त्याच्या पुढच्या आठवड्यात बी गळला, अन् दर वेळी दादाच जाय. साहेब काही बुद्धू नव्हता. चौथ्या वेळी त्यानं दारातच स्टूल मांडून ठेवला अन् हातवारे करून सांगितलं: बस, ऐक, नळाले हात नको लावू.

*

दादाले इंग्रजी येत नव्हतं. पण त्या गाण्यात काय आहे, हे तो छातीठोक सांगे. तिचं लेकरू गेलं, ते ती सांगून राहिली आहे. शेवटी आम्ही साहेबाच्या दुभाष्याले धरलं. तो पठ्ठ्या गाणं ऐकून आला अन् म्हणाला, “लेकरू-बिकरू काही नाही. तिचा माणूस नवी टोपी घालून गल्लीतून गेला अन् तिच्याकडे पाहिलं नाही. बस इतकंच.”

आम्ही खो खो हसलो. दादा नाही हसला.

“तू शब्द ऐकले, मी बाई ऐकली. माझी माय दळताना म्हणे, तिच्या बी ओव्या वांग्याच्या अन् भेंडीच्या राहत. तरी रडू येच ना बापा? माय गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर असा आवाज हाच ऐकला.”

दुभाष्या थोडा वरमला. म्हणाला, तिकडे तिच्या लोकांले अजून बी वेगळं बसवतात, हॉटेलात घेत नाही.

“तरीच,” दादा म्हणाला, “मले ओळखीची वाटली.”

*

साहेब मायदेशी चालला तेव्हा ती रेकॉर्ड दादाले देऊन गेला. दादाच्या डोळ्याले धार. रेकॉर्ड तर मिळाली, पण वाजवाची कशावर? साहेबाचा ग्रामोफोन त्याच्यासंगं गेला, अन् पूर्ण सेक्टरमध्ये दुसरा नव्हता.

दादाचं काही अडलं नाही. पाहुणा आला की ती पेटीतून निघे. दादा तिच्या रेघांवरून बोट फिरवे, न टेकवता, अन् सांगे, “इथं श्वास घेते. इथून आवाज चढते. आता ऐक.” पाहुणा बिचारा कान लावे.

वच्छलावहिनी, म्हणजे दादाची बायको, चुलीपासून म्हणे, “लोकं सवत आणतात, ते भांडते तरी. हे तर बोलत बी नाही.”

“तुले एक डाव ऐकवीन,” दादा म्हणे. “शब्द देतो.”

असा तो शब्द त्यानं सहा वर्षं दिला.

*

मग एका मे महिन्यात ती पेटी खिडकीशी राहून गेली. भिलाईचं ऊन, रेकॉर्ड पापडासारखी वाकली. दादा तिले वहिनीच्या लुगड्यात गुंडाळून शॉपमध्ये घेऊन आला. तोंड असं की घरात मयत झाली.

आता वाकड्या प्लेटा सरळ करणं हे आमचं रोजचं काम. फोरमननं स्वतः पट्टी लावून पाहिली अन् म्हणाला, “चार मिलिमीटर आउट आहे. होऊन जाईल.” दोन प्लेटा घासून साफ केल्या, गरम केल्या, मधात रेकॉर्ड ठेवली अन् वरून जॅक कसला. दादा जेवला नाही, बाजूले उभाच.

सकाळी काढली. पट्टीखाली केस जाणार नाही इतकी सरळ. अन् चकाकी अशी की दादानं तिच्यात पाहून भांग पाडला. फोरमननं सर्वांले पेढे वाटले. आमच्या धंद्यात चकचकीत निघालं म्हणजे काम चांगलंच झालं. दुसरं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

*

त्याच दिवाळीत क्लबात ग्रामोफोन आला. रविवारी चार वाजता पूर्ण शॉप बायकांसंगं हजर. वहिनी सणासुदीचं पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, मी बाजूले. दादानं रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली.

सर्रर्र करून सुई काठावरून सरळ मधात गेली. उलटवली, परत तेच. फोरमन छताकडे पाहून राहिला. वाकडेपण काढता काढता आम्ही गाणं बी काढून टाकलं होतं.

वहिनी हळूच म्हणाल्या, “राहू द्या जी. घरी चला.”

“नाही. शब्द दिला होता तुले.”

दादानं टोपी काढली, टेबलाशी उभा राहिला अन् गाऊ लागला. घण ऐकून ऐकून फाटलेला गळा. शब्द इंग्रजी नव्हते, मराठी बी नव्हते. मागं कोणी तरी हसलं, मग कोणी नाही हसलं. बाई जिथं श्वास घे, तिथं दादानं घेतला. जिथं चढे, तिथं चढला. मले माझी माय आठवली, खोटं कावून सांगू.

मग एका जागी दादा तीच ओळ परत म्हणाला. परत म्हणाला. चौथ्यांदा बी तीच. मले वाटलं, गडी विसरला, आता फजिती. मी पाणी द्याले उठलो.

“बसा भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “तिथं सुई अडकते.”

दादानं टेबलावर एक थाप मारली, अन् गाणं पुढं गेलं.