दोन टोपल्या

"भाऊ, हा कोन्त्या टोपलीतला?" दारात उभे राहून तेंदूचे पान पुढे धरायचे, हाच मास्तरांचा नमस्कार. पानावर बोरीच्या काट्याने एक इंग्रजी क्रियापद कोरलेले असे.

गोंदिया तेव्हा मध्यप्रदेशात होते. फुलचूरजवळच्या एका शाळेत मास्तर तात्पुरते शिक्षक होते. मॅट्रिकला दरवेळी इंग्रजीत अडकत. या खेपेला पास झाले नाहीत तर नोकरी जाणार होती. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे. इंग्रजी येते म्हणून ते माझ्याकडे येत.

त्यांची बायको घरी बिड्या वळी. पाने घरातलीच. ज्या क्रियापदापुढे 'टू' येतो त्याचे पान एका टोपलीत, ज्यापुढच्या शब्दाला 'इंग' लागते त्याचे दुसऱ्या. 'वॉन्ट' पहिल्या टोपलीत, 'एन्जॉय' दुसऱ्या.

"पन काऊन?"

"कारण नाही, मास्तर. पाठ करा."

"कारन नसन तं पोरायले काय सांगू?"

'स्टॉप' दोन्हीकडे चालतो, अर्थ तेवढा बदलतो, हे सांगितले तेव्हा त्यांनी पान दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले. मग ते पान टोपीत खोचून निघून गेले.

परीक्षा तोंडावर असताना एकदा रिकाम्या हाताने आले. बायकोला पाने कमी पडली होती. तिला वाचता येत नव्हते. तिने 'इंग'च्या टोपलीतली पाने भिजवून बिड्यांसाठी कातरली होती.

"पुन्हा लिहू," मी म्हणालो.

"लिवू. पन कोन्ता कोठं जाते, हे त्या पानायलेच ठाव होतं." मग म्हणाले, "आता लोक 'एन्जॉय' ओढून राहिले असतीन." हसले मात्र नाहीत.

निकाल छापून आला. त्यांचा क्रमांक नव्हता. रकान्यावरून बोट फिरवत म्हणाले, "तुमच्या पेपरात नसन. दुसऱ्यात असन."

स्टेशनवर दुसरा पेपर घेतला. त्यातही नव्हता.

शाळेत नवा शिक्षक आला. मास्तर काम शोधायला रायपूरच्या गाडीत बसले. नंतर काहीच कळले नाही.

पावसाळा सरल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बायको ओसरीत बिड्या वळत होती. पाने पुन्हा कमी पडली होती, शेजारणीकडून उसनी आणली होती. आढ्याला 'टू'ची टोपली टांगलेली होती.

"त्यात आहेत की," मी म्हणालो.

"ते नाही कातरत. मास्तरायले लागतीन."

तिने टोपली उतरवली. दमटलेली पाने अंगणातल्या उन्हात एकेक करून पसरली, कोरलेली बाजू वर.