म्हैसूरपाकाची जाळी

आमच्या घरात हॉटेलचं नाव काढायची सोय नव्हती. माझे सासरे अमरावतीला वकिली करत. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. कोर्टात ते म्हणे फार मऊ बोलत, पण घरात चहाच्या दुकानाचा विषय निघाला की आवाज चढलाच. कुणी केलेलं, कुठल्या पाण्यातलं, कुणाच्या उष्ट्या कपातलं पोटात घालता, म्हणून ते पानावरच्या सगळ्यांना फैलावर घेत, मग त्यातल्या कुणी हॉटेलची पायरी चढली असो वा नसो. सासूबाई चांदूर बाजाराकडच्या. त्या एवढंच विचारायच्या की घरी काय कमी आहे, आणि विषय संपायचा.

अशा घरात मी लग्न होऊन आले तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले. माझं माहेर अकोल्याचं. पहिल्या दिवाळीनंतर मला न्यायला हे आले होते. निघायच्या दिवशी गाडीला उशीर झाला. फलाटावर बसून दोघंही कंटाळलो, तेव्हा हे म्हणाले, जरा पाय मोकळे करू. पाय मोकळे करत आम्ही गेलो ते सरळ एका कॉफी क्लबाच्या दारात. मद्रासकडच्या कुणी तो नुकताच काढला होता. बायकांसाठी आत पडदा लावलेली एक लहानशी खोली होती. तिथे मी एकटीच बाई, आणि ह्यांचं सगळं लक्ष पडद्याच्या फटीतून ओळखीचं कुणी दिसतं का याकडे.

कॉफी मला बेताचीच आवडली. पण तिच्याबरोबर एक वडी आली. पिवळी, मधे जराशी तांबूस, आणि मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. जिभेवर ठेवली आणि चावायच्या आत ती विरघळली, नुसतं तूप ओठांवर राहिलं. हे म्हणाले, याला म्हैसूरपाक म्हणतात. माझा संपला तेव्हा त्यांचा अर्धा शिल्लक होता. ते पुन्हा फटीतून बाहेर बघायला लागले आणि मी तो अर्धा खाऊन टाकला. बशी रिकामी पाहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते.

घरी आल्यावर ही गोष्ट पोटात ठेवणं मला जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी तांदूळ निवडताना मी ती थोरल्या जाऊबाईंच्या कानात सांगितली. जाऊबाईंसारखी गरीब सून अख्ख्या अमरावतीत नाही, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते निम्मंच खरं होतं. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यात काय काय घालतात असं विचारलं. मी म्हटलं, बेसन, साखर आणि तूप, दुसरं तर काही लागलं नाही जिभेला.

"तिन्ही आपल्या घरात आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "मग ते हॉटेलचं कसं झालं? ते आपलंच."

वकिलाच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं यायचंच.

दुपारी सासूबाई देवळात पुराण ऐकायला जात आणि मामंजी कोर्टात असत. तेवढ्यात आम्ही चूल पेटवली. पाक केला, त्यात बेसन घातलं, वरून तूप सोडलं. थाळ्यात थापला तेव्हा बरा दिसत होता. थंड झाल्यावर मात्र त्यावर सुरी चालेना. जाऊबाईंनी उलथन्यानं ठोकून बघितला, तर आवाज फरशीवर ठोकल्यासारखा आला. शेवटी परसातल्या पेरूच्या झाडाखाली खड्डा करून आम्ही तो पुरला. चार दिवसांत तिथे मुंग्यांची ही रांग लागली. सासूबाई बराच वेळ कमरेवर हात ठेवून ती बघत उभ्या होत्या. आम्ही दोघी आत भाजी चिरत होतो. ती त्या दिवशी फारच बारीक चिरली गेली.

दुसऱ्या खेपेला तो थिजलाच नाही. चमच्यानं खाऊन संपवावा लागला, आणि ते काम आम्ही मन लावून केलं. पण तुपाचं भांडं बरंच खाली गेलेलं सासूबाईंच्या नजरेला आलं. त्यांनी विचारलं तेव्हा जाऊबाईंनी खालच्या मानेनं मांजराचं नाव सांगितलं. मांजर बिचारं काही दिवस स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू शकलं नाही.

तिसरी खेप ऐन थंडीतली. तूप गोठून घट्ट झालं होतं म्हणून जाऊबाईंनी ते पातेलीत घालून दुसऱ्या चुलीवर पातळ करायला ठेवलं. इकडे पाकाला तार आली, मी बेसन घालून घोटायला लागले, आणि त्या नादात पातेलीकडे दोघींचंही लक्ष राहिलं नाही. तूप चांगलं कडकडीत तापलं. तेवढ्यात ओसरीवर मामंजींचं खाकरणं ऐकू आलं. कोर्टात पुढची तारीख पडली होती आणि ते लवकर परतले होते. आता चुलीवरचं सगळं झाकायचं कसं, या घाईत जाऊबाईंनी ती पातेली उचलली आणि सगळं तूप एकदम माझ्या कढईत ओतलं.

कढई चर्र करून फसफसली. पीठ फुगून काठापर्यंत आलं, त्याला बुडबुडेच बुडबुडे. मी घाबरून ते थाळ्यात उपडं केलं. ते खाली बसलं, आणि बघते तो सगळीकडे जाळी. अकोल्यात बघितली होती तशीच.

मामंजी पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दाराशी आले ते तिथेच थांबले. घरभर तुपाचा वास सुटला होता, तो लपवणार कुठे? हे काय केलंय, असं त्यांनी विचारलं. बेसनाच्या वड्या, मी म्हटलं. ते तर खरंच होतं. ते पाटावर बसले. वड्या जरा निवल्यावर मी बशीत घालून पुढे ठेवल्या, तोवर सासूबाईही देवळातून आल्या. मामंजींनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि सावकाश खाल्ला.

"जाळी बरोबर पडली आहे," ते म्हणाले. "पण त्याचा कडेला कुरकुरीत असतो. हा सगळाच मऊ झालाय."

सासूबाईंनी हातातलं पूजेचं तबक खाली ठेवलं.

"त्याचा म्हंजे कोनाचा?"

मामंजींनी डोळे उघडले. अकोल्याच्या कोर्टात तारखेला गेलो होतो, तिथल्या एका पक्षकारानं फारच आग्रह केला, नाही म्हणणं बरं दिसेना, असं काहीसं ते सांगायला लागले. सासूबाईंनी ते पूर्ण होऊ दिलं. मग त्यांनी विचारलं, "येकदाच आग्रह केला, का जावा तवा करून राहिला तो?"

मामंजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. जाऊबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. माझी गत त्याहून वाईट होती.

मग सासूबाई आमच्याकडे वळल्या. "अन् तुमी दोघी. पेरूखाली काय हाये ते मी काडीनं उकरून पाह्यलं व्हतं. मांजर काही खड्डा खनून वड्या पुरत नाही. बेसन जाडं व्हतं तुमचं, म्हनून मी परवा बारीक दळून ठेवलं." एवढं सांगून त्यांनी एक वडी उचलली, खाल्ली, आणि दुसरी घेतली.

निकाल त्याच दिवशी लागला. अकोल्याच्या पुढच्या तारखेला सासूबाई बरोबर जाणार, आणि सोबतीला मी.

कॉफी क्लबात मामंजी बाहेर पुरुषांत बसले, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. आम्ही पडद्याआड. सासूबाईंनी घरून पाण्याचा तांब्या आणला होता, तो टेबलावर मधोमध ठेवला. म्हैसूरपाकाची कड त्यांनी मोडून, उजेडात धरून बघितली, मग खाल्ली, आणि तूप आपलं चांगलं, कड मात्र याची चांगली, असं ठरवलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर वाफाळलेली पांढरी इडली गेली. त्यांनी ती मागवली. संपली तेव्हा पुन्हा मागवली.

परतताना मूर्तिजापूर गेलं तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मला वाटलं, बाहेरचं खाल्ल्याचं मनाला लागलं असेल. मी काही हवं का म्हणून विचारलं.

"ते तांदूळ भिजत घालत असन की तसेच दळत असन?" त्यांनी विचारलं.