अंगातली रग मोजायचं यंत्र

ही गोष्ट मी घरी नेहमी अर्धीच सांगतो. अर्ध्यापर्यंत ती हसण्यासारखी आहे. पोरं हसली की मी पान लावायच्या निमित्तानं उठतो. आज लिहायलाच बसलोय, तर उठायची सोय नाही.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दोन-तीन वर्षं आधीचे दिवस. हिंगोली-कळमनुरी रस्त्यावर, हिंगोलीपासून चार कोसांवर, कापसातली सरकी काढायचा एक जिन होता. तिथं मी इंजिन-ड्रायव्हरच्या हाताखाली लागलो. काम काय, तर डायनामोवर भरलेल्या बॅटऱ्या व्होल्टमीटर लावून पाहायच्या आणि उतरली असेल ती पुन्हा भरायला लावायची. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला याहून जबाबदारीचं काम कोण देणार?

व्होल्टमीटर मात्र बघण्यासारखं होतं. विलायती, निकेलचं, खिशातल्या घड्याळाएवढं गोल. खाली अणकुचीदार टोक, वरून सुती वेष्टणाची हिरवी तार, तारेला पितळी पिन. टोक बॅटरीच्या एका खुंटीला आणि पिन दुसरीला लावली की तबकडीवरचा काटा उठायचा. म्हाताऱ्या ड्रायव्हरला तो काटा दिसेनासा झाला होता, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी ते बंडीच्या खिशात ठेवायचो, तार साखळीसारखी बाहेर लोंबती सोडून. कुणी वेळ विचारली की काढून गंभीरपणे पाहायचो आणि 'चार वाजले' म्हणायचो. त्या वेळेवर विसंबून हिंगोलीकडच्या गोरेगावच्या एका पाहुण्याची गाडी चुकली, तेव्हा मी दोन दिवस बॅटऱ्यांच्या खोलीतून बाहेर पडलो नाही.

मग मला दुसरा खेळ सुचला. टॉर्चचा एक सेल बाहीत बांधायचा, त्याच्या दोन बारीक तारा बोटांपर्यंत आणायच्या. समोरच्याच्या तळहातावर यंत्र टेकवताना त्या गुपचूप टोकाला आणि पिनेला भिडवायच्या. काटा चढायचा. मी सांगायचो, ही तुझ्या अंगातली रग. अंगठा ढिला धरला की काटा नुसता थरथरायचा.

"बायकोनं वढून घेतली व्हय रं सगळी रग?" हमाल एकमेकांना टोमणे मारायचे, आणि ज्याचा काटा थरथरला तो दुसऱ्या दिवशी दूध पिऊन यायचा. एकालाही शंका आली नाही. मी दोनदा नापास झालोय हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी मी इथंच थांबतो.

जिनात एक विधवा बाई कापसातला कचरा वेचायला यायची. तिचा विशीतला एकुलता पोरगा तिथंच हमाली करायचा, आणि तिचा धाकटा भाऊ बैलगाडीनं कापूस आणायचा. त्याला सगळे मामाच म्हणत. एका दुपारी कोठीतला कापूस उपसता उपसता त्या पोराचा पाय दिसला. तो सकाळपासून दिसला नव्हता. आईला वाटलं, कळमनुरीच्या बाजाराला गेला असेल. ढिगाच्या पायथ्याशी टेकला असावा आणि वरून कापूस घसरला असावा. कापूस पडताना आवाज होत नाही.

अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दोघा-तिघांनी छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं आणि मग बाजूला सरून बसले. मी त्याचा हात धरला. गार होता आणि बोटं ताठली होती.

आई म्हणाली, "मिस्तरी, तुमचं यंतर लावा."

"मावशी, त्यानं काय..."

"लावा म्हन्ते ना! सगळ्यायला लावता, माझ्याच पोराला काहून न्हाई?"

आधी मी ते खरंच लावलं. तारा न भिडवता. काटा शून्यावर राहिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. पण ती काट्याकडे पाहतच नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. सेल बाहीत होताच. जेवणाच्या सुट्टीतच खेळ केला होता. माझा अंगठा सरकला. याला दया म्हणावी असं मला फार वाटतं, पण मला तिच्यासमोरून सुटायचं होतं, एवढंच.

"हालला! भाऊ, गाडी जुप! रग हाय अजून!" ती भावाला ओरडली.

मामा नुकताच कापूस घेऊन आला होता, त्यानं भरली गाडी तिथंच रिकामी केली. तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी हिंगोलीच्या दवाखान्याकडे निघाली. मी गेलो नाही. मला बॅटऱ्या पाहायच्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की सकाळीच संपलाय. तिनं ते मानलं नाही. काटा तिनं डोळ्यांनी पाहिला होता. मग तिच्या लेखी पोरगा वाटेत गेला. आणि वाटेत मामानं ओढ्यावर बैलांना पाणी पाजलं होतं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता, पण ते कोण ऐकतं? "माझ्या लेकरापरीस बैलं मोठी झाली त्याला," ती भेटेल त्याला सांगायची. भावाशी बोलणं तिनं बंद केलं.

दिवाळीला तिनं मला बोलावणं धाडलं. मी गेलो, तर पाट मांडलेला, ताटात निरांजन. भाऊबीज होती.

"बसा दादा. तुमी व्हता म्हून कळलं मला. सख्खा असून त्यानं घात केला."

मी पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी हातावर ठेवली. दारातून अंगण दिसत होतं. मामा लुगड्याची घडी मांडीवर घेऊन ओसरीच्या कडेला बसला होता. त्याला आत कुणी बोलावलं नाही.

करंजी तशीच हातात धरून मी बाहेर गेलो, त्याला गाडीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. सेल, तारा, अंगठा. तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो जुवाची दोरी चाचपू लागला.

"म्हंजी तो जिनातच गेल्ता."

मी मान हलवली.

"चला, आता तिलाबी सांगतो," मी म्हणालो, आणि वळलो.

त्यानं माझी बंडी धरली. "ऱ्हाऊ द्या मिस्तरी. गाडीत चार कोस ती त्याच्याशी बोलत व्हती. लगीन कुठं करायचं, कुरुंदा गावची पोरगी कशी हाय, सगळं. तो ऐकून ऱ्हायलाय असं वाटत व्हतं तिला. तेवढंच हाय तिच्यापाशी. ते कशाला काढून घेता?"

"अन् तुमचं?"

"माजं काय, बैलं हायेत."

मी त्याचं ऐकलं. इतक्या लगेच मी कुणाचंच कधी ऐकलेलं नाही. त्यानं लुगडं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि गाडी जुंपली.

ती होती तोवर, पुढची पाच वर्षं, दर भाऊबीजेला मी त्या पाटावर बसलो. शेवटच्या वर्षी मला जायला उशीर झाला. मामा बाहेर बसलेला होताच, मला पाहून म्हणाला, "जा आत. कवाची वाट पाहून ऱ्हायली ती."