सदूची सहा हप्त्यांची विलायत

माळ्यावरची भांडी काढायला हात घातला, की पहिलं निघता निघत नाही आणि निघालं की मागून दहा अंगावर येतात. आमच्या भंडाऱ्याच्या रूमचे किस्से तसेच आहेत. परवा शेजाऱ्यांचा नातू एम.बी.ए. करता करता दोन महिने परदेशात शिकून आला म्हणून पेढे आले. पेढा तोंडात टाकला आणि मला आमचा सदू आठवला!

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. सिहोऱ्याचा सदू, दिघोरीचा मी, शिवाय मोरेश्वर आणि वासू. चौघंही एम.कॉम. करत होतो. म्हणजे नोकरी मिळत नव्हती.

त्या वर्षी कॉलेजात सर्क्युलर आलं. पदव्युत्तर वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याला सहा आठवडे विलायतेत धंद्याचं शिक्षण, सगळं फुकट! मुलाखत घ्यायला आमचे एक्स्पोर्ट शिकवणारे सर बसले. ते स्वतः रायपूरच्या पलीकडे गेले नव्हते.

"विलायतेत काय पाहशील?" सरांनी सदूला विचारलं.

"राइस मिल, सर."

"अरे, तिथं धान पिकत नाही!"

"म्हणून तं आपला तांदूळ खपन ना, सर!"

सदूची निवड झाली. एक्स्पोर्टचा इतका नेमका धडा सरांनी आम्हाला दोन वर्षांत दिला नव्हता.

*

मग तयारी सुरू झाली. डाक बंगल्याच्या खानसाम्याकडून मोरेश्वरनं काटा-चमचा मागून आणला. सदूनं काट्यानं भात खायची प्रॅक्टिस करायची, असं ठरलं. चिन्नोर तांदळाचा मऊ भात! काटा तोंडापर्यंत जाईस्तोवर त्यावर चार शितं उरायची. सदूची अर्धी वाटी होईपर्यंत आम्ही तिघांनी पातेलं पुसून ठेवायचं.

"काहून बे, मले शिकवून राहिले का उपाशी मारून राहिले?" सदू ओरडला.

"तिथं उपाशीच राहायचं हाय," वासू म्हणाला. "तेचीही प्रॅक्टिस नको?"

*

सत्कारांना तर ऊत आला. ज्यांनी आयुष्यात एम.कॉम.चा फुलफॉर्म विचारला नव्हता, तेही शाल घेऊन उभे! शेवटचा सत्कार सिहोऱ्याला झाला. सरपंच म्हणाले, "इंग्रजानं आपल्याले दीडशे वर्सं शिकवलं. आता आपला सदू जाऊन त्याले शिकवन!"

"सरपंच, तो शिकाले जाऊन राहिला," कोणीतरी म्हणालं.

"तेच ते!" सरपंच म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

सदूचे वडील नत्थूजी कोपऱ्यात उभे होते. दोन एकर धान आणि कायम खाली घातलेली मान, असा हा माणूस. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून ते म्हणाले, "माहा पोरगा विलायतले चालला." खरं सांगतो, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

*

निरोप घेऊन सदू भंडाऱ्याला पोहोचला, तर नोटीस बोर्डावर दुसरंच नाव! 'तांत्रिक कारणास्तव बदल.'

आम्ही हेडक्लार्कला गाठलं. "तांत्रिक कारण म्हणजे काय हो?"

त्यांनी फाइलमधून मानही वर केली नाही. "साहेबाच्या बहिणीचा पोरगा."

सदू खाटेवर बसला तो बसलाच. स्वतःच्या शिक्षणाचं त्याला काही वाटलं नाही. "बाबाले काय सांगू?" एवढंच म्हणत राहिला. अकरा शाली घेतलेल्या पोरानं दुसऱ्याच दिवशी गावात परत जायचं, आणि बापानं वर केलेली मान पुन्हा खाली घालायची! ते आमच्यानं पाहवणार नव्हतं. ठरलं. सदू विलायतेला गेला. म्हणजे आमच्याच रूमवर.

*

सहा हप्ते! सिहोऱ्याची माणसं कचेरीच्या कामानं भंडाऱ्याला येतच राहायची, म्हणून सदू दिवसा दाराबाहेर पडायचा नाही. लायब्ररीतून इंग्लंडची पुस्तकं आणून पाठ करायचा. पत्र टाकावं तर शिक्का भंडाऱ्याचा! मग मीच सिहोऱ्याला जाऊन 'आमच्या पत्त्यावर पत्र आलं' म्हणून नत्थूजींना तोंडी मजकूर सांगितला. थंडी आहे, इमारती उंच आहेत, प्रोफेसर हुशार आहेत.

नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. "जेवते का बराबर?"

"काकाजी, तिथं भात कमी भेटते," मी म्हणालो. खोटं बोलायचं तर मापात बोलावं, हे तेव्हा कळत नव्हतं.

दोन दिवसांत एस.टी.चा कंडक्टर दारात. हातात पितळी डबा, झाकणावर कोरलेलं 'नत्थूजी, सिहोरा'. "नत्थूजी म्हणे, पोरगा तिकडं उपाशी हाय, तं त्याच्या तिघं दोस्तायनं तरी खावं."

आत लाखोळीच्या डाळीचे वडे आणि लोणचं! मग दर हप्त्याला डबा यायचा. तिघांसाठी धाडलेल्यात चौघांची पोटं भरून उरायचं. नत्थूजींचा हातच सढळ, असं आम्ही समजलो. घरचं भांडं रिकामं परत धाडू नये, ही रीत. म्हणून आम्हीही फुटाणे, गूळ, काहीबाही घालून डबा परत करायचो.

*

भाचेसाहेब परत आले आणि कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. सदू मफलर गुंडाळून शेवटच्या बाकावर, वही घेऊन! भाचेसाहेबांनी तासभर सांगितलं की तिकडे दुधाची बाटली दारात येते आणि कोणी चोरत नाही.

"आणि मार्केटिंगचं काय शिकलात?" सरांनी विचारलं.

"सर, मी मावशीकडे उतरलो होतो. विद्यापीठ तिथून दूर पडायचं."

सदूनं वही मिटली. "याच्यापेक्षा मीच जास्त विलायत पाह्यली बे, खाटेवर बसून!"

*

आणि मग सदू 'परत आला'. वासूच्या भावाचा कोट, नागपूरहून आणलेली चॉकलेटं, स्वागताला आलेले दोस्त म्हणून आम्ही तिघं. सिहोऱ्याच्या स्टँडवर बँड! ग्रामपंचायतीपुढे अख्खं गाव. सरपंच म्हणाले, "दाखव, विलायतहून काय आणलं?"

सदूनं ऐटीत सूटकेस उघडली. चॉकलेटांच्या वरच पितळी डबा!

घरी जायचं तर घरचं भांडं न्यायचं, या सवयीनं गड्यानं तो सूटकेसमध्ये टाकला होता.

सरपंचांनी चष्मा लावून झाकण वाचलं. "काहून नत्थूजी, हा डबा तं तुमी परवा भंडाऱ्याच्या एस.टी.त चढवला ना? मी तिथंच होतो. विलायतहून कसा आला?"

बँड थांबला.

नत्थूजी गर्दीतून पुढे आले. डबा उचलला, झाकण काढून आत पाहिलं. "रिकामा आणला बे? सहा हप्ते बाहेर राह्यला, तं घरची रीत विसरला!"

लोक हसले. नत्थूजी सरपंचांकडे वळले. मान वरच होती. "गाडी भंडाऱ्यावरूनच येते ना, सरपंच? दोस्तायच्या रूमवरून उचलला असन."

"तेच ते!" सरपंच म्हणाले आणि टाळ्या सुरू केल्या. बँड पुन्हा वाजू लागला.

त्या गलक्यात नत्थूजी माझ्याजवळ आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डबा पुसत हळूच म्हणाले,

"वडे पुरत होते ना, चौघाले?"