केकताडकाकांचा डावा पीळ

गावाने एखादी गोष्ट अशुभ ठरवली, की केकताडकाका तिला मुद्दाम मान देत. घुबड ओरडलं, तर म्हणत, "पाव्हणा आलाय."

नाव पडलं ते दारातल्या केकताडामुळे, म्हणजे घायपातामुळे. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी वेशीवर 'सुशोभीकरण' झालं होतं. त्यातली पिवळ्या पट्ट्यांची केकताडं तेवढी बिनपाण्याची तगली. काकांनी त्यांचं एक पिल्लू दाराशी लावलं. "पुढाऱ्याच्या हातचं एवढंच जगलं," म्हणायचे. पुढे त्याची पानं ठेचून वाक, म्हणजे आतले धागे, काढायचे, दोर वळायचे आणि पोळ्याला शेजाऱ्यांच्या बैलांना नवे कासरे द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्या केकताडाच्या गाभ्यातून फुलाचा दांडा फुटला. ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. जाताना घरातलं एक माणूस नेतं, असा आमच्याकडचा समज. घरात माणसं दोनच, आणि काकू अंथरुणाला खिळलेल्या. दांडा त्यांना खिडकीतून दिसे.

"आवं, तोडा की ते."

"काहून? तू आजारी हायस, हे झाडाला ठाऊक हाय का?"

"मला ठाऊक हाय ना."

काकांनी तोडलं नाही. दांडा पत्र्याच्या वर गेला.

एकदा ते अंगणात दोर वळत होते. मी टोक धरून बसलो होतो. पीळ डावीकडे पडत होता. आमच्याकडे डाव्या पिळाची दोरी फक्त तिरडीला लागते, आणि तीही वेळ आल्यावर बाजारातून आणतात. घरात आधी करून कुणी ठेवत नाही.

"काका, पीळ उलटा पडून राहिला."

त्यांचे हात थांबले नाहीत. "बराबर पडून राहिला. बाजारची सुतळी टोचंल तिला. अंग लई नाजूक झालंय." मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "तिला सांगू नको. अन् हे बघ, मी आसलं काही मानत न्हाई."

दोरी खुंटीला टांगली गेली. दांड्याला फुलं आली. पोळ्याच्या आत दोरी लागली, ती काकांना. छातीत कळ आली आणि गोठ्यातच बसले, ते उठलेच नाहीत.

काकू सावरल्या. आता काठी टेकत अंगणात येतात. वाळलेल्या केकताडाच्या बुडाशी पिल्लं उगवली आहेत. परवा त्यांनी एक मला दिलं.

"तुझ्या दाराशी लाव. हितं न्यायला आता मी एकटीच हाय."

लावलं आहे. दाराला शोभाही आली आहे. मी असलं काही मानत नाही. फक्त सकाळी दार उघडलं, की आधी त्याच्या गाभ्यात डोकावतो.