मामांची कवायत

माणसं कामानं दमतात. आमचे थोरले मामा कामानं ताजे व्हायचे. असा उलट्या चालीचा माणूस तासगाव तालुक्यात दुसरा झाला नसेल. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्या दोन खोल्यांत आली, तेव्हापासून मामांच्या बेदाणा शेडवरच्या मजुरीवर मामी धरून आम्ही चौघं जगलो. कालवण नसलं की पाण्यात तिखट कालवून भाकरी खायचो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पन्नाशीनंतर मामांच्या तऱ्हा सुरू झाल्या. एसटीत चढण्याआधी ते स्टँडवर उभ्या जागी पाय उचलून कवायत करायचे. कंडक्टर ओरडायचा, "आवं मामा, लढाईला न्हाई, सांगलीला चाललीया गाडी!" चहाचा कप उचलण्याआधी दहा वेळा मूठ आवळायची, सोडायची. कुणाचा हात हातात घेतला तर आधी पकड आजाऱ्याची, आणि सोडीपर्यंत पैलवानाची. "पयल्या हाकंला अंग ऐकत न्हाई गं पोरी," म्हणायचे, "दोन-चार हाका माराव्या लागत्यात." सगळे हसायचे. मीही हसलेय.

पुढं पंगतीतून उठताना ते पुन्हा खाली बसायला लागले. पापण्या जड, तोंडाला सारखी कोरड. गावानं निकाल देऊन टाकला: दारू! थेंबालाही न शिवलेल्या या माणसाच्या हातून एक दिवस बेदाण्याचं खोकं निसटलं, आणि मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "पिऊन येताय व्हय? उद्यापासनं येऊच नगा." त्यानंतर मामी नळाला जायची ती पदर पार नाकापर्यंत ओढून.

मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागेत फिजिओथेरपी शिकत होते. एकदा सर शिकवत होते, की मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये बारीक फट असते. मेंदूचा निरोप तंतूच्या टोकाशी आला की तिथली दारं उघडून कॅल्शियम आत शिरतं, मगच निरोप्या रसायन फटीत सुटतं आणि स्नायू हलतो. एका आजारात शरीर स्वतःच ती दारं बंद पाडतं. पहिला निरोप लंगडा पडतो. लागोपाठ निरोप धाडले की थोडं थोडं कॅल्शियम साठतं आणि जरा वेळ ताकद येते. मी भर वर्गात उभी राहिले. "सर, हे माझे मामा आहेत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

सरांनी गाठून दिलेल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी मामांच्या मनगटावर विजेचा झटका दिला, तेव्हा मशीनच्या पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. दहा सेकंद मूठ घट्ट आवळायला लावून पुन्हा दिला, तर रेघ दुपटीनं उसळली. मामा मला म्हणाले, "बघ, मशीन बी म्हणतंय मी प्यालेलो न्हाई." त्या वेळचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. दुसऱ्याच दिवशी छातीचा फोटो निघाला. हा आजार बऱ्याचदा फुप्फुसातल्या कॅन्सरच्या पुढं चालत येतो. बिडी मात्र मामांनी जन्मभर ओढली होती.

घरी आल्यावर त्यांनी मला शेडवर नेलं आणि रिपोर्ट सगळ्यांसमोर मराठीत सांगायला लावला. मालक जमिनीकडं बघत म्हणाला, "मामा, सोमवारपासनं या."

"आता कुठलं येतोय गड्या," मामा म्हणाले. "पोरगीनं सांगितलं, तुमी ऐकलं. झालं."

पाच महिन्यांनी मामा गेले. त्याच वर्षी मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. तो निकाल बघायला ते नव्हते. पण गेले तेव्हा गावात त्यांना दारुडा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.